लक्ष देणं आणि लक्ष लागणं

गेल्या दिवाळीच्या आधी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर तिच्यात माझ्या मुलीची प्राथमिक शाळेतली प्रगतिपुस्तकं निघाली. तिसरीचं, १९९१-९२ सालचं, कडा तपकिरी झालेलं पुस्तक मी उघडलं. दुसऱ्या सत्राचा शेरा असा आहे : ‘बुद्धी चांगली. वर्गात लक्ष देत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.’ खाली वर्गशिक्षिकेची सही माझी. शेजारी पालकांची सही, तीही माझीच. कराड तालुक्यातल्या आमच्या शाळेत तेव्हा तिसरीची एकच तुकडी होती आणि ती माझ्याकडे होती.

त्याच मुलीला २०२२ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असल्याचं सांगितलं. खरं तर ती तिथे तिच्या मुलासाठी गेली होती. नातू तेव्हा आठ वर्षांचा होता. वर्गात जागेवर टिकत नाही, वही अर्धीच राहते, डबा-पाण्याची बाटली रोज हरवते, अशा तक्रारी येत होत्या. डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद पुढे ठेवला आणि ती एकेक उत्तर लिहू लागली. निम्म्यावर आल्यावर तिचा हात थांबला. रात्री मला फोन करून म्हणाली, “आई, तो कागद मी त्याच्यासाठी भरत होते, पण त्यात सगळी मीच होते गं.”

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा किती मुलांच्या पुस्तकांत लिहिला असेल, त्याची मोजदाद नाही. म्हणून निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी मी या आजाराचा इतिहास वाचायला घेतला. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, शब्दकोश मांडीवर घेऊन बसावं लागतं. अडलं तिथे मुलीने समजावलं. वाचताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. आपल्या मराठीत ‘लक्ष देणं’ आणि ‘लक्ष लागणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. देणं हातात असतं. लागणं हातात नसतं, ते भूक लागावी, झोप लागावी, तसं लागतं. ‘झोप देत नाही’ असं आपण कुणाला रागावत नाही. मी मात्र पस्तीस वर्षं ‘देत नाही’ असंच लिहिलं, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांतल्या काहींचं तरी लक्ष ‘लागत’ नव्हतं. या दोन क्रियापदांमधलं अंतर कापायला वैद्यकशास्त्राला दोनशे वर्षं लागली.

सुरुवात १७७५ मध्ये होते. मेलखिओर आडाम वाइकार्ड नावाच्या जर्मन वैद्याने आपल्या ग्रंथात अवधानाच्या उणिवेवर एक प्रकरण लिहिलं. माशी भुणभुणली, सावली हलली, आवाज झाला, की अशा माणसाचं मन तिकडे जातं, हे त्याने नेमकं टिपलं. कारण त्याला शिस्तीच्या अभावात आणि शरीराच्या तंतूंच्या ढिलेपणात दिसलं. उपाय होते गार पाण्याची आंघोळ, लोहाची भुकटी, घोडेस्वारी, कसरत, आणि फार चळवळ करणाऱ्याला अंधारात एकटं ठेवणं. अंधाराचं वाचून माझ्या पोटात कालवलं. घोडेस्वारी आणि कसरत मात्र वाया गेलेले उपाय नाहीत. अंगाला हालचाल मिळाली की ही मुलं निवतात, हे मी मैदानावर शेकडो वेळा पाहिलं आहे.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, १७९८ मध्ये, स्कॉटलंडच्या अलेक्झांडर क्रायटन या वैद्याने मनाच्या विकारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यातलं एक पूर्ण प्रकरण अवधानाला दिलं. हा माणूस पुढे रशियाच्या झार पहिल्या अलेक्झांडरचा वैद्य झाला. त्याचं म्हणणं असं की कोणत्याही एका वस्तूवर मन पुरेसं स्थिर न राहणं हे काही जणांत जन्मापासून असतं, लहान वयातच ते दिसू लागतं आणि शिक्षणाच्या आड येतं. अशा माणसांना बारीकसा आवाज, जास्त उजेड, कुणाची चाहूलसुद्धा अस्वस्थ करते. आणि पुढे तो शिक्षकांकडे वळतो. लॅटिन आणि ग्रीक व्याकरणाचा रुक्षपणा काही मुलांना इतका नकोसा होतो की छडीचा धाक काय किंवा गोडीगुलाबी काय, कशानेच त्यांचं लक्ष तिकडे वळत नाही, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलं असेल, असं तो म्हणतो. छडीने होत नाही आणि लाडाने होत नाही, म्हणजे ते मुलाच्या इच्छेचं काम नाही, इथपर्यंत हा माणूस तेव्हाच येऊन पोचला होता. मग शंभर वर्षं ते कुणी फारसं उचललं नाही.

त्या मधल्या शंभर वर्षांत जगात एक मोठी गोष्ट घडली आणि ती माझ्या धंद्यातली आहे. शाळा सक्तीची झाली.

आमच्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवत. लहानमोठी सगळी एकाच ओसरीवर बसत, मोठ्याने घोकत, जो तो आपापल्या गतीने पुढे सरके. संध्याकाळी घरी परवचा. पंतोजींच्या शिक्षा अमानुष होत्या, त्या शाळेचं गुणगान मला करायचं नाही. पण तिथे गलका चालत असे, डुलत म्हणणं चालत असे. आणि ज्या पोराचं मन तिथे रमलं नाही, ते गुरांमागे किंवा बापाच्या भात्यापाशी जाई. कुणी त्याला आजारी म्हणत नसे. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने गावोगाव प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या आणि १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली. आमच्या भागात शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. ती सक्ती झाली नसती, तर माझ्या आजोळच्या बायका कधीच शिकल्या नसत्या, त्यामुळे तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण एका वयाची पन्नास मुलं एका खोलीत, एका दिशेला तोंड करून, चाळीस मिनिटं गप्प बसवायची, हा प्रकार तिथून आला. ती बसली म्हणूनच न बसणारं मूल उठून दिसू लागलं.

त्याच मधल्या शंभर वर्षांत फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमन या डॉक्टरने १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांची वही स्वतः तयार केली. पुढे तिचं जगप्रसिद्ध पुस्तक झालं आणि त्यात जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करणारा, खुर्चीसकट मागे पडून ताटवाट्या खाली ओढणारा फिलिप आला. वर ढगांकडे बघत चालणारा आणि पाण्यात पडणारा हान्सही आला. आजचे लेखक या दोघांना एडीएचडीची पहिली चित्रं मानतात. मला तेवढं खात्रीने म्हणवत नाही. त्या चित्रांकडे बघताना मला जाणवतं ते हे, की एकाने ताटं पाडली म्हणून सगळं घर त्याच्यावर ओरडतं, आणि दुसरा एकटाच चालत असतो, पडेपर्यंत त्याच्याकडे फारसं कुणी बघतच नाही. माझी मुलगी ही त्या दुसऱ्याच्या जातीची.

मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्यानं दिली. आज या आजाराचा इतिहास सांगणारे बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. स्टिल इंग्लंडमधले बालरोगांचे पहिले प्राध्यापक झाले, मुलांवर माया करणारा माणूस. बुद्धीत काही कमी नसताना वागण्यावर ताबा नसलेली वीस मुलं त्यांनी मांडली, १५ मुलगे आणि ५ मुली. त्यांतल्या सहा वर्षांच्या एका मुलाविषयी ते सांगतात की साध्या खेळातही त्याचं मन फार थोडा वेळ टिके आणि शाळेत तर ते फारच जाणवे. अशी मुलं बोलण्या-वागण्यात इतरांइतकीच चलाख, पण अभ्यासात मागे. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शाळेतला मागच्या बाकावरचा एकेक चेहरा आला. पण स्टिल यांनी त्याला नाव दिलं ते ‘नैतिक नियंत्रणातली उणीव’. कारण शरीरात आहे, बहुधा जन्मजात आहे, असं ते स्वतः म्हणत होते, तरी शब्द नीतीचा आला. एवढ्या मायाळू माणसाच्या तोंडीसुद्धा ‘देत नाही’च राहिलं.

नीतीवरून नजर मेंदूकडे वळली ती एका साथीमुळे. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी मेंदूच्या दाहाचा एक नवा आजार वर्णिला. त्यात माणसं आठवडेच्या आठवडे झोपून राहत. पुढची दहाएक वर्षं ती साथ जगभर फिरली. जी मुलं त्यातून वाचली त्यांपैकी अनेक पार बदलून गेली. काल शांत असलेलं पोर आज सतत पळतंय, झोपत नाही, कशावरही मन ठरत नाही. त्या आईबापांना कुणी ‘तुम्ही वळण लावलं नाही’ असं म्हणू शकत नव्हतं, कारण आजाराच्या आधीचं मूल सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पण त्यातून एक उलटा तर्कही निघाला. मेंदूला इजा झालेलं मूल चंचल होतं, म्हणून चंचल असेल त्या मुलाच्या मेंदूला कुठेतरी इजा झालेली असणार, ती दिसली नाही तरी. ‘किंचित मेंदूइजा’ हे नाव पुढे कित्येक वर्षं चाललं. मग ‘इजा’ सापडेना म्हणून १९६०च्या दशकात ते ‘किंचित मेंदूबिघाड’ झालं.

त्याआधी, साथ ओसरल्यावर थोड्याच वर्षांत, १९३२ मध्ये, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या फ्रान्त्स क्रामर आणि हान्स पोलनोव्ह या दोन डॉक्टरांनी अतिचंचल मुलांचं असं वर्णन लिहिलं की ते आजच्या निकषांच्या शेजारी ठेवलं तर फार थोडा फरक उरतो. दोघेही ज्यू कुटुंबांतले. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. क्रामर पुढे नेदरलँड्सला गेले. पोलनोव्ह फ्रान्समध्ये पळाले, तिथे पकडले गेले आणि १९४३ मध्ये माउटहाउझनच्या छळछावणीत मारले गेले. त्यांचं काम पुष्कळ काळ विस्मरणात पडलं. किती मुलांना ते तीस-चाळीस वर्षं आधी उपयोगी पडलं असतं, असं मनात येतं आणि पुढचं पान उलटवत नाही.

आता मी ज्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबले ते सांगते. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात ईस्ट प्रॉव्हिडन्स इथे एम्मा पेंडल्टन ब्रॅडली हिच्या नावाचं रुग्णालय आहे. एम्मा ही ब्रॅडली दांपत्याची एकुलती एक लेक. सातव्या वर्षी तिला मेंदूचा दाह झाला आणि ती जन्मभराची अपंग झाली. तिच्यासारख्या मुलांसाठी काही तरी व्हावं म्हणून त्या आईबापांनी मृत्युपत्रात मालमत्ता ठेवली. त्यातून १९३१ मध्ये केवळ मुलांसाठीचं हे मनोरुग्णालय उघडलं, त्या देशातलं पहिलं. एम्माच्या वडिलांचे चुलत नातू चार्ल्स ब्रॅडली तिथे डॉक्टर होते.

मेंदूचा फोटो घ्यायची तेव्हाची रीत भयंकर होती. पाठीच्या कण्यातून द्रव काढायचा, त्या जागी हवा भरायची आणि क्ष-किरणाने चित्र काढायचं. त्याने मुलांचं डोकं असह्य दुखे. द्रव लवकर तयार व्हावा म्हणून ब्रॅडली यांनी त्यांना बेन्झेड्रिन नावाचं उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही. पण रुग्णालयातच मुलांची शाळा होती आणि तिथल्या शिक्षकांनी डॉक्टरांना वेगळंच सांगितलं : मुलं अभ्यासाला बसू लागली आहेत. ब्रॅडली यांनी मग नीट पडताळा घेतला. पाच ते चौदा वर्षांची ३० मुलं, एक आठवडा औषधाशिवाय, एक आठवडा सकाळी औषध देऊन, पुन्हा एक आठवडा औषधाशिवाय. त्यांतल्या १४ मुलांच्या शाळेच्या कामात थक्क करणारा फरक पडला. औषध बंद झालं तशी ती पूर्ववत झाली. १९३७ मध्ये हे छापून आलं. मुलं त्या गोळीला ‘गणिताची गोळी’ म्हणत.

या तीन आठवड्यांवर मी फार विचार केला आहे. तीच मुलं, तेच शिक्षक, तीच गणितं. मधल्या आठवड्यात त्यांची नीती सुधारली नव्हती की आईबापांनी नवं वळण लावलं नव्हतं. इच्छा तर आधीपासून होती. म्हणजे ‘देत नाही’ हे खोटं होतं, आणि ते एका वर्गखोलीत, शिक्षकांच्या नोंदींवरून खोटं ठरलं. तेव्हा माझी आई शाळेतसुद्धा गेली नव्हती. मी शेरे लिहायला लागले तेव्हा या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, आणि आमच्या डी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात ती नव्हती. अमेरिकेतही तिच्याकडे वीसेक वर्षं फार कुणी वळलं नाही, कारण तिथे तेव्हा सगळा दोष आईच्या मायेत आणि बालपणातल्या घावांत शोधायची लाट होती.

१९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लेआन्द्रो पानिझोन यांनी मिथिलफेनिडेट बनवलं. त्यांच्या बायकोने, मार्गेरितने, टेनिस खेळण्याआधी ते घेऊन पाहिलं, आणि तिच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून औषधाला रिटालिन म्हणू लागले. १९५०च्या दशकात ते बाजारात आलं. आज आपल्याकडेही हेच औषध डॉक्टर देतात, चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही.

औषधाबरोबर वर्गाचाही विचार कुणीतरी केला होता, हे मला नवं होतं. १९४७ मध्ये आल्फ्रेड स्ट्राउस आणि लॉरा लेहटिनेन यांनी एक पुस्तक लिहिलं. लेहटिनेन या शिक्षिका. चंचल मुलांच्या वर्गात भिंती साध्या असाव्यात, बाहेरचं दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचा झाकाव्यात, शिक्षिकेने दागिने घालू नयेत, असं त्यांनी सांगितलं. वाचून मी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. पस्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिताना त्या वाजत होत्या. पण खिडक्या झाकण्याशी मी सहमत नाही. मुलाला मनाचा विसावाही लागतो. याच सुमारास आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी उलट वाट काढत होत्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. गुरं चारायला गेलं, तर कुरणात शाळा भरवायची. त्यांच्यापुढे प्रश्न गरिबीचा होता, चंचलतेचा नव्हता. तरी चालत्या-फिरत्या पोरालाही शिकवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं होतं. अंगणवाडी आम्ही उचलली. कुरणशाळा आमच्या पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापुरती राहिली.

मला एक मुलगा आठवतो, १९८४-८५ च्या सुमाराचा. एसटी घाटात शिरली की तिच्या आवाजावरून गाडी चढतेय की उतरतेय हे तो सांगे. विहिरीवरचं डिझेल इंजिन खोलून जोडे. पण शुद्धलेखनाच्या चार ओळी त्याच्याकडून पुऱ्या होत नसत. आम्ही सगळ्यांनी त्याला मारलं, मीसुद्धा मारलं. पाचवीत त्याने शाळा सोडली. त्याला हा आजार होता की नव्हता, हे आज मी ठरवू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण त्याला मारायचं काही कारण नव्हतं, हे मी ठरवू शकते. शाळेत मुलाला मारणं कायद्याने बंद झालं ते २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने. माझी तेव्हा पाच वर्षं उरली होती.

नाव बदलण्याचं मोठं काम एका बाईने केलं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७१ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षपदावरून सांगितलं की या मुलांचं पळणं-उड्या मारणं ही वरची गोष्ट आहे. खरी अडचण लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला क्षणभर थांबवण्यात आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या सूचीत १९६८ मध्ये याचं नाव ‘बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया’ असं होतं. १९८० च्या सूचीत ते बदललं आणि लक्षाला पहिली जागा मिळाली, चंचलतेसह किंवा चंचलतेशिवाय. १९८७ मध्ये आजचं एडीएचडी हे नाव आलं. १९९४ मध्ये केवळ लक्ष न लागण्याचा प्रकार पुन्हा स्पष्टपणे वेगळा मांडला गेला.

‘चंचलतेशिवाय’ या एका शब्दाने माझ्या मुलीसारख्यांना दार उघडलं. स्टिल यांच्या विसांत मुली पाचच होत्या, कारण डॉक्टरकडे तेच मूल जाई ज्याचा इतरांना त्रास होई. खिडकीपाशी बसून बाहेरच्या गुलमोहराकडे बघणारी मुलगी कुणालाच त्रास देत नाही. तिला लोक धांदरट म्हणतात, वेंधळी म्हणतात. माझी लेक छत्र्या हरवायची, कंपासपेट्या हरवायची, दूध उतू जाताना समोर उभी असायची. तीच कादंबरी हातात घेतली की सहा तास हाकेला ओ देत नसे. त्यामुळे मला वाटायचं, मनात आणलं तर हिला जमतं, म्हणजे ही आणत नाही. ‘लागणं’ या शब्दाचा हा दुसरा भाग मला फार उशिरा कळला. या माणसांचं लक्ष लागत नाही, आणि लागलं की सुटत नाही. कमी असतं ते लक्ष नव्हे. ते हवं तेव्हा हव्या तिकडे वळवण्याची सत्ता कमी असते.

तिने इंजिनिअरिंग केलं, रात्री जागून, शेवटच्या दिवशी, प्रत्येक वेळी. नोकरीत बढत्या हुकल्या. संसारात गॅस चालू राहिला, बिलांच्या तारखा गेल्या. दर वेळी तिने एकच निष्कर्ष काढला की आपणच आळशी आहोत. मोठं झाल्यावर हा आजार जातो, अशी समजूत डॉक्टरांमध्येही होती. अमेरिकेत यूटा विद्यापीठात पॉल वेंडर आणि त्यांचे सहकारी १९७६ पासून मोठ्या माणसांविषयी लिहीत होते. १९९४ मध्ये एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या डॉक्टरांचं पुस्तक आलं आणि सामान्य वाचकांपर्यंत ही गोष्ट पोचली. हॅलोवेल यांना स्वतःलाच हा आजार. २०१३ च्या सूचीत मोठ्या माणसांसाठी निकष जरा सैल झाले. मुलांमध्ये नऊपैकी सहा लक्षणं लागतात, सतराव्या वर्षापुढे पाच पुरतात. ती बाराव्या वर्षाआधीपासून असली पाहिजेत, घर-शाळा किंवा घर-कचेरी अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत आणि त्यांनी कामात अडथळा आणला पाहिजे. बाराव्या वर्षाआधीचा पुरावा म्हणून डॉक्टरांनी माझ्या मुलीकडे जुनी प्रगतिपुस्तकं मागितली होती. तेव्हा ती सापडली नव्हती. तिने आठवून सांगितलं. ट्रंकेत ती होती, माझ्या अक्षरात.

२००७ मध्ये अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूची चित्रं तितक्याच इतर मुलांशी ताडून पाहिली. मेंदूच्या बाह्यपटलाच्या निम्म्या भागाची जाडी कमाल होते ते मधलं वय इतर मुलांत साडेसात निघालं, या मुलांत साडेदहा. म्हणजे वाढ त्याच वाटेने होते, पण तीन वर्षं मागून. मी तिसरीच्या वर्गात उभी राहून हे वाचलं असतं तर काय केलं असतं? निदान पहिल्या बाकावर घेतलं असतं. एका दमात चार सूचना दिल्या नसत्या, एक देऊन थांबले असते. वीस गणितांची पाच-पाचची चार पानं केली असती. खडू आणायला, फळा पुसायला मुद्दाम उठवलं असतं. चांगलं झालं की तिथल्या तिथे सांगितलं असतं, सत्र संपायची वाट पाहिली नसती. आणि पालकांना सांगितलं असतं की आधी कान-डोळे तपासा, झोप बघा, घरात काही चाललं आहे का ते बघा, आणि तरी राहिलं तर तज्ज्ञांकडे न्या. प्रत्येक द्वाड पोर आजारी नसतं, हेही तितकंच सांगायला हवं.

महाराष्ट्रात १९९६ पासून वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या, ती मुंबईतल्या पालकांची, डॉक्टरांची मोठी कमाई. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचं नाव त्यात नाही. सोबत अध्ययन अक्षमता असेल त्या मुलाला त्या नावाने जास्तीचा वेळ मिळतो, नुसतं लक्ष लागत नसेल तर बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या चांगुलपणावर राहावं लागतं. हे बदललं पाहिजे, आणि ते मागायला पालकांबरोबर शिक्षकांनी पुढे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मुलगी आता औषध घेते. पहिल्या महिन्यात तिची भूक गेली होती, डॉक्टरांनी मात्रा बदलली. घराच्या दाराला आतून कागद चिकटवला आहे : किल्ली, फोन, डबा, गॅस. एकदा ती म्हणाली, “आई, पूर्वी डोक्यात एकाच वेळी चार रेडिओ लागलेले असायचे, आता एक लागतो.” मग थोडं थांबून म्हणाली, “हे तिसरीत झालं असतं तर?” मी काही बोलले नाही. प्रगतिपुस्तक तिला दाखवलं तेव्हा तिने दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं आणि ते आपल्या पर्समध्ये ठेवलं.

नातू सुट्टीत माझ्याकडे असतो. संध्याकाळी दिवा लावला की आमची परवचा होते. पाटावर बसून त्याच्याकडून पाढे होत नाहीत, म्हणून तो अंगणात तुळशीभोवती फेऱ्या मारत म्हणतो आणि मी पायरीवर बसते. परवा सोळाचा चालू होता. सोळा पाचे ऐंशीपर्यंत आला आणि कुंपणावर खार दिसली. तो खारीमागे गेला. मी वाट पाहिली. परत आला तेव्हा धापा टाकत होता.

“आजी, मी कुठे होतो?”

“सोळा सक.”

“शहाण्णव,” तो म्हणाला आणि पुढच्या फेरीला निघाला.